घरगुती विज्ञान : रायफलीचा दस्ता आणि अळशीचे तेल

आमचे एक जुने वर्गणीदार गेली कित्येक वर्षे अमेरिकेत, पेन्सिल्व्हेनिया संस्थानात, वास्तव्य करून आहेत. त्यांचे एक सविस्तर पत्र गेल्या महिन्यात आमच्याकडे आले. जुन्या लष्करी रायफलींचा संग्रह करण्याचा छंद त्या देशात पुष्कळांस असतो, आणि आमच्या ह्या स्नेह्यांनीही तेथील कायद्यास अनुसरून एक 'एम-१ गॅरंड' रायफल विकत घेतली आहे. तिची नळी व पोलादी भाग सुस्थितीत आहेत. परंतु अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता काळवंडलेला असून ठिकठिकाणी चिकट लागतो. शेजारच्या एका हौशी गृहस्थाने, सारे तासून काढून काचकागदाने गुळगुळीत करावे व आरशासारखे रोगण चढवावे, असा सल्ला दिला. दुसऱ्या एकाने केवळ अळशीचे तेल चोळावयास सांगितले. ह्या दुसऱ्या सल्ल्याप्रमाणे त्यांनी दस्त्याच्या एका भागास तेल लावूनही पाहिले. आणि आता पुढे काय करावे, अशी पृच्छा केली आहे. पत्राच्या अखेरीस ओघाओघात ते लिहितात की, तेलाची फडकी पुढील हातास उपयोगी पडतील म्हणून घडी घालून तळघरात एका पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवली आहेत.

मूळ प्रश्नाचे उत्तर सावकाश देता येण्याजोगे होते. ह्या अखेरच्या वाक्याचे नव्हते. म्हणून आम्ही त्याच दिवशी त्यांस कळविले की, पत्र वाचताच तळघरात जावे, ती फडकी बाहेर मोकळ्या अंगणात न्यावीत, आणि मगच पुढील मजकूर वाचावा. आमच्या इतर वाचकांसही हे सांगणे अवश्य वाटते. कारण अळशीचे तेल, ज्यास विदर्भ-मराठवाड्यात जवसाचे तेल म्हणतात, ते आपल्याकडील सुताराच्या व रंगाऱ्याच्या हाती नित्य असते, आणि त्याच्या ह्या गुणाची वार्ता मात्र फार थोड्यांस असते.

पाणी किंवा स्पिरिट वाळते ते उडून जाऊन. अळशीचे तेल वाळते ते हवेतील प्राणवायू शोषून. त्यातील सुमारे निम्मा भाग लिनोलेनिक नावाच्या आम्लाचा असतो. ह्या आम्लाच्या रेणूंत प्राणवायूस पकडणाऱ्या मोकळ्या जागा असतात. त्यांच्या द्वारे रेणू एकमेकांस जखडले जातात व पातळ तेलाचे घट्ट, न विरघळणारे कवच बनते. म्हणूनच वाळू लागलेल्या तेलाचे वजन प्रारंभी घटत नाही, उलट वाढते. ही क्रिया एक प्रकारचे मंद ज्वलनच होय, आणि ज्वलन म्हटले की उष्णता आली. दस्त्यावरील पातळ थरातून ती उष्णता हवेत विरून जाते व कोणाच्या ध्यानीही येत नाही. परंतु फडक्याची घडी घातली की तेलास पृष्ठभाग विपुल मिळतो, हवा पुरेशी मिळते, आणि उष्णतेस बाहेर पडण्यास वाट राहत नाही. ऊब वाढली की क्रियेचा वेग वाढतो, वेग वाढला की ऊब वाढते. आणि काही तासांतच काडी न लावता फडके पेट घेते.

हे केवळ पुस्तकी भय नव्हे. आमच्या स्नेह्यांच्याच संस्थानातील फिलाडेल्फिया शहरी २३ फेब्रुवारी १९९१ रोजी 'वन मेरिडियन प्लाझा' नामक अडतीस मजली इमारतीच्या बाविसाव्या मजल्यावर जी आग लागली, तिचे मूळ अशाच फडक्यांत सापडले. भिंतींच्या लाकडी तक्तपोशीस तेल देणाऱ्यांनी ती मागे ठेवली होती. अग्निशामक दलाचे तीन शिपाई त्या आगीत प्राणास मुकले, आणि ती भव्य इमारत पुन्हा कधीही वापरात न येता अखेर पाडावी लागली. यास्तव नियम हा की, तेलाचे फडके काम होताच उलगडून, एकेरी करून, बाहेर दोरीवर अथवा दगडावर पसरावे आणि ते वाळून कडक झाल्यावरच टाकावे. किंवा पाण्याने भरलेल्या पत्र्याच्या डब्यात बुडवून झाकण लावावे. घडी, बोळा, खोके व कचऱ्याची टोपली ही चारही वर्ज्य समजावीत.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. रायफलीच्या लाकडास तेल का देतात? शोभा हा त्याचा गौण हेतू आहे. लाकूड हे जन्मभर श्वास घेणारे द्रव्य आहे. दमट हवेत ते फुगते, कोरड्या हवेत आकसते. रायफलीची नळी लाकडाच्या पन्हळीत बसविलेली असते. ते लाकूड वाकले किंवा फुगले तर नळीवर एका बाजूने दाब येतो, आणि कालपर्यंत मध्यबिंदूवर बसणारी गोळी आज बोटभर बाजूस जाते. म्हणून दस्त्यासाठी अक्रोड निवडतात. त्याचे लाकूड बेताच्या वजनाचे, धक्का सोसणारे, न फाटता कोरले जाणारे, आणि एकदा नीट वाळले की फारसे न हलणारे असते. ह्या लाकडातील रंध्रे तेलाने भरली की पाण्याचा शिडकावा आत मुरत नाही. मात्र येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. तेल पाण्याचा थेंब अडविते, परंतु हवेतील वाफ अडविण्याची त्याची शक्ती बेताचीच आहे; ती क्रिया ते मंदावते, थांबवीत नाही. ह्या कामी लाखेचा किंवा रोगणाचा थर अधिक समर्थ ठरतो. मग सैन्यांनी तेलच का पत्करले? कारण रोगण खरचटले की त्याचे पोपडे निघतात व ते नव्याने देण्यास कारखाना लागतो. तेलाचा दस्ता खरचटला तर शिपायाने छावणीतच बोटभर तेल चोळले की काम भागते. दुरुस्तीची ही सुलभता हाच तेलाचा खरा गुण होय.

परंतु सर्वच दस्त्यांस तेल दिलेले असते असे नाही, आणि आमच्या स्नेह्यांच्या शेजाऱ्यांचे दोन्ही सल्ले येथेच चुकतात. पूर्वी काय लावले आहे हे जाणल्याशिवाय पुढे काय लावावे हे सांगता येत नाही. ब्रिटिश सैन्याच्या ली-एन्फील्ड रायफलींस कच्चे अळशीचे तेल देत. अमेरिकेच्या सैन्याने १९३६ साली स्वीकारलेल्या गॅरंड रायफलीस प्रारंभी अळशीचे व पुढे टंग तेल दिले जाई. टंग तेल हे चीनमधील एका झाडाच्या बियांचे तेल. ते अळशीच्या तेलाहून पाण्यास अधिक दाद न देणारे. रशियाच्या मोसिन-नागान्त रायफलीच्या बर्च लाकडावर मात्र तांबूस, तकतकीत लाख दिलेली आढळते. आपल्या छोटानागपूरच्या रानांत पळस, कुसुम व बोरीच्या फांद्यांवर किडे जी लाख निर्माण करतात व जिचा चपडा करून सुतार स्पिरिटमध्ये विरघळवितो, तीच ही लाख. इंग्रज कारागीर उंची शिकारी बंदुकांसाठी अळशीच्या तेलात रतनजोतीची मुळे भिजवून त्यास लाल रंग आणीत. आपल्या स्वयंपाकघरात रश्शाच्या तवंगास रंग आणणारी रतनजोत ह्याच कुळातील.

तेव्हा ओळख कशी पटवावी? प्रथम डोळे व बोटे यांचा उपयोग करावा. दस्ता खिडकीशी तिरपा धरून पाहावा. लाकडाची रंध्रे उघडी दिसत असतील व चमक लाकडाच्या आतून आल्यासारखी मंद असेल तर तेल. रंध्रांवरून काचेसारखा सलग पापुद्रा पसरलेला असेल तर लाख किंवा रोगण. पापुद्रा असल्यास त्याचे काने-कोपरे झडलेले, नखाने टोकरता येणारे असतात. तेलास असे टवके उडत नाहीत.

दुसरी परीक्षा द्रवांची. ती नेहमी दृष्टीआड असलेल्या जागी, म्हणजे दस्त्याच्या टोकावरील पोलादी पट्टीखाली अथवा नळीच्या पन्हळीच्या काठाशी करावी. कापसाचा लहानसा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून तेथे क्षणभर टेकवावा. पृष्ठभाग चिकट होऊन बोळ्यावर पिंगट रंग आला, तर लाख आहे असे समजावे. स्पिरिटने काही न होता लॅकरच्या थिनरने मऊ पडला, तर ते कारखान्यातील फवाऱ्याचे लॅकर. दोहोंनीही काही न झाल्यास मुरलेले व वाळलेले तेल, किंवा पक्के रोगण. आणि ह्या दोहोंतील भेद वर सांगितलेल्या पापुद्र्याच्या खुणेने कळतो. वस्तुसंग्रहालयांत अतिनील किरणांचा दिवाही वापरतात; अंधारात त्याच्या प्रकाशाखाली लाख नारिंगी झळाळते.

तिसरी खूण रंगाची. अळशीचे तेल वर्षानुवर्षे गडद होत जाते, आणि जुन्या अक्रोडास जो खोल तांबूस-तपकिरी वर्ण येतो त्यात ह्या तेलाचा वाटा मोठा असतो. परंतु सर्व काळोखी तेलाचीच असते असे मात्र नाही. दस्त्याच्या मानेशी, जेथे लाकूड पोलादास भिडते, तेथेच काळा व मऊ डाग असेल, तर तो नळी साफ करण्यासाठी वापरलेल्या खनिज तेलाचा समजावा. हे तेल कधीही वाळत नाही. रायफल वर्षानुवर्षे उभी ठेवली की ते ओघळून लाकडात उतरते व त्याचा कस घालविते. म्हणूनच जुने जाणते बंदूकवाले साफसफाईनंतर बंदूक काही काळ नळीचे तोंड खाली करून ठेवीत. असा डाग असल्यास खडूची वस्त्रगाळ पूड स्पिरिटमध्ये कालवून तिचा लेप द्यावा, वाळला की झटकावा, व पूड कोरी निघेपर्यंत पुनःपुन्हा द्यावा. ह्या डागावर अळशीचे तेल चोळणे म्हणजे मळक्या अंगावर अत्तर लावणे होय. ते तेथे धड वाळणारही नाही. आमच्या स्नेह्यांच्या दस्त्याचा चिकटपणा ह्या कारणाचा आहे की पूर्वी कोणी जाड हाताने दिलेल्या तेलाचा, हे त्यांनी आधी ठरवावे. डाग मानेपुरता असेल तर पहिले, सर्वत्र असेल तर दुसरे.

आता काचकागदाविषयी. तो बाजूस ठेवावा असे आम्ही आग्रहपूर्वक सांगतो. गॅरंड रायफलीच्या दस्त्यावर डाव्या अंगास तपासनीसाचा शिक्का व मुठीच्या भागी वर्तुळातील 'पी' हे परीक्षेचे चिन्ह ठोकलेले असते. तो दस्ता कोणत्या शस्त्रशाळेतून व कोणाच्या नजरेखालून बाहेर पडला हे सांगणारा तो लेख होय. तो एका केसाएवढाच खोल असतो. काचकागदाच्या चार हातांनी तो जातो, आणि गेला की पृथ्वीच्या पाठीवरील कोणताही कारागीर तो परत आणू शकत नाही. तीच गोष्ट कडांची. पोलादाशी समपातळीत बसविलेले लाकूड घासले की खाली जाते, आणि एखाद्या नवख्या न्हाव्याने केलेल्या हजामतीप्रमाणे सारे रूप बिघडते. मळ काढावयाचा असेल तर टर्पेंटाइनमध्ये भिजविलेल्या जाड्याभरड्या फडक्याने पुसावे. दोनतीनदा पुसल्यावर मळ निघतो व वयाची झाक मात्र राहते. मळ आणि वय ह्यांतील भेद ओळखणे, हेच ह्या कामातील मुख्य शहाणपण होय.

लाकडास पडलेला खळगा वाफेने वर येतो. त्यावर ओले फडके ठेवून तापलेली इस्त्री टेकविली की दबलेले तंतू पाणी पिऊन फुगतात. मात्र तंतू तुटलेले असतील तर हा उपाय चालत नाही. आणि शिक्क्याच्या जवळपास तर वाफ मुळीच देऊ नये. कारण शिक्का म्हणजे तरी दाबलेले तंतूच. ते वर आले की शिक्का पुसलाच म्हणून समजा.

एवढे झाल्यावर दस्ता खरोखरच तेलाचा असेल तरच तेल द्यावे. बाजारात दोन तऱ्हेचे अळशीचे तेल मिळते. कच्चे तेल वाळण्यास कित्येक दिवस, दमट हवेत कित्येक आठवडे घेते. आपले रंगारी ज्यास बेलतेल म्हणतात ते त्वरित, बहुधा दिवसभरात वाळते. पूर्वी तेल मुरदाडशिंग घालून खरोखरच कढवीत. आता नाव कढविलेल्याचे राहिले असून वस्तुतः त्यात कोबाल्ट, मँगेनीज अशा धातूंची वाळविणारी द्रव्ये मिसळलेली असतात. म्हणून ते खाद्यतेलापासून दूर व मुलांच्या हातापलीकडे ठेवावे. बाटलीवर 'टंग तेलाचे फिनिश' असे लिहिलेले असले तरी आत पुष्कळदा रोगण व टर्पेंटाइन यांचेच मिश्रण असते. केवळ नावावर न जाता घटकांची यादी वाचावी.

लावण्याची रीत साधी आहे, कठीण आहे तो धीर. पहिल्या हातासाठी तेलात निम्मे टर्पेंटाइन मिसळावे, म्हणजे ते खोल उतरते. लाकडाचे आडवे तंतू जेथे उघडे पडतात, म्हणजे टोकाच्या पट्टीखाली व मानेच्या आतील बाजूस, तेथे तेल अधिक पाजावे. ओल मुख्यत्वे तेथूनच शिरते. पुढील हात निर्भेळ तेलाचे, तेही थेंबाथेंबाने. तळहाताने चोळावे, हात ऊन होईतो चोळावे. आणि पंधरावीस मिनिटांनी वर राहिलेले सर्व तेल कोरड्या फडक्याने पुसून काढावे. हे पुसणे लावण्याहून महत्त्वाचे आहे. जाड राहिलेल्या तेलावर प्रथम साय धरते, सायीखाली हवा पोहोचत नाही, आणि तो थर महिनोन्महिने चिकट राहून धूळ गोळा करतो. पहिला हात पूर्ण वाळल्याशिवाय दुसरा देऊ नये. इंग्रज कारागिरांत एक जुना दंडक आहे : आठवडाभर रोज एकदा, महिनाभर आठवड्यातून एकदा, वर्षभर महिन्यातून एकदा, आणि पुढे जन्मभर वर्षातून एकदा. इतके काटेकोर नाही झाले तरी चालेल. पण चार पातळ हात एका जाड हातापेक्षा नेहमीच सरस, हे मात्र विसरू नये. दस्ता लाखेचा निघाल्यास त्यावर तेल न देता लाखेचाच एक विरळ हात, तोही झडलेल्या जागीच, द्यावा.

आपल्या देशातील परवानाधारकांस येथे दोन शब्द. बंगालमधील ईशापूरच्या कारखान्यात ली-एन्फील्ड रायफली बनत, व त्याच धाटणीची '०.३१५' शिकारी रायफलही तेथेच तयार झाली. ली-एन्फील्डचा दस्ता दोन तुकड्यांचा असतो. तिच्या जुन्या घडणीत मागील तुकडा धरून ठेवणाऱ्या बोल्टाचे चौकोनी टोक पुढील तुकड्यातील पट्टीत अडकलेले असते. पुढील लाकूड आधी न उतरविता तो बोल्ट फिरविला तर ते लाकूड हमखास चिरते. तेव्हा हे काम जाणत्या व परवानाधारक बंदूकवाल्याकडूनच करवून घ्यावे. १९५९ च्या शस्त्रकायद्यान्वये परवान्यावाचून बंदूक बाळगता येत नाही. वडिलार्जित शस्त्र असले तरी वारसाने स्वतःचा परवाना काढावा लागतो, व तोपर्यंत ते पोलीसठाण्यात अथवा अधिकृत विक्रेत्याकडे ठेवावे लागते. कोणत्याही बंदुकीस हात लावण्यापूर्वी ती रिकामी आहे ना, हे दोनदा पाहावे, हेही येथे सांगून ठेवतो.

ज्यांच्या घरी बंदूक नाही अशा आमच्या बहुसंख्य वाचक-भगिनींसही ह्या लेखातून एक गोष्ट घेता येईल. झोपाळ्याच्या पाटास, देव्हाऱ्यास किंवा जुन्या पेटीस खोबरेल अथवा तिळाचे तेल चोळण्याची चाल पुष्कळ घरांत आहे. खोबरेल कधीच वाळत नाही व तिळाचे तेलही नीटसे वाळत नाही. पहिल्या दिवशी लाकूड सुंदर दिसते, पंधरवड्याने त्यावर धूळ बसते, आणि पावसाळ्यात खवट वास येऊ लागतो. जे तेल वाळून लाकडाशी एकजीव होते तेच लाकडाचे. आणि ते देण्यापूर्वी, आधी त्यावर काय आहे हे स्पिरिटच्या एका थेंबाने पाहून घ्यावे. झोपाळा पॉलिश करावयास आलेल्या सुतारासही काम संपल्यावर एकच प्रश्न न विसरता विचारावा : "दादा, फडकी कुठे टाकलीत?"